जुनी अमेरिकी लघुव्यक्तिचित्रे : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे काच किंवा चौकट दुरुस्तीसाठी येणाऱ्या वस्तूंमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी लघुव्यक्तिचित्रेही असतात. तळहातात मावणारे असे चित्र आपल्याकडे असल्यास ते घरी उघडू नये, ही आमची पहिली विनंती आहे.

ही चित्रे बहुधा हस्तिदंताच्या अतिशय पातळ पत्र्यावर जलरंगांत काढलेली असतात. हस्तिदंताच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्यातला रंग सहज धरत नाही. म्हणून चित्रकार पत्रा घासून, त्याचा तेलकटपणा घालवून, डिंकात कालवलेला रंग बारीक ठिपक्यांनी आणि रेघांनी बसवीत असत. रंगाआडून हस्तिदंताची झाक दिसल्यामुळे चेहऱ्याला कांती येते, पण ओलसर बोट लागताच तोच रंग पुसला जातो. हवेतील दमटपणा कमीजास्त झाल्यास पत्रा वाकतो किंवा चिरतो. उजेडाने गालांवरची लाली उडते, ती परत आणता येत नाही.

पुष्कळ चित्रांवर सही नसते. चित्रकार जेम्स पील यांची ‘आय पी’ ही अक्षरे (‘जे’ऐवजी ‘आय’) आणि साल कडेला बारीक अक्षरांत सापडते, तेही भिंगाखाली. चित्रातील व्यक्ती कोण, हे मात्र बहुतेक वेळा घराण्याने जपलेल्या चिठ्ठीवरून किंवा लॉकेटच्या मागे विणून बसवलेल्या केसांवरून आणि आद्याक्षरांवरूनच कळते. जेम्स यांचे थोरले बंधू चार्ल्स विल्सन पील यांनी १७७२ मध्ये माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या घरी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था वॉशिंग्टन आणि त्यांची मुले जॅकी व पॅट्सी यांची लघुचित्रे काढली. पॅट्सी पुढच्याच वर्षी वारली. सेरा गुडरिज यांनी १८२८ मध्ये स्वतःच्या अनावृत वक्षाचे लघुचित्र काढून राजकारणी डॅनियल वेब्स्टर यांना दिले (त्या काळी हे धाडसच होते), आणि ते वेब्स्टर यांच्या वंशजांकडे दीर्घकाळ राहिल्यामुळेच कोणी कोणाला दिले हे आज सांगता येते. आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १८३९ नंतर डॅगेरोटाइप छायाचित्रे आली आणि हा व्यवसाय ओसरला.

त्यामुळे जुनी डबी, मागचा कागद, केस, फाटकी चिठ्ठी यांपैकी काहीही टाकून देऊ नये. नवी चौकट हवी असली तरी जुनी आम्ही आपल्याला परत देतो. काचेच्या आत थेंब दिसल्यास बहुधा काचच झिजू लागलेली असते. अशा वेळी चित्र विनाविलंब आमच्याकडे आणावे, उन्हात वाळवू नये. हस्तिदंतामुळे असे चित्र परदेशी नेण्यास वन्यजीव व्यापारविषयक परवाना लागतो. प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी.