नियोजनाचे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर का रुजले?

नगर आणि प्रादेशिक नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गात वास्तुविशारद, स्थापत्य अभियंता, भूगोलाचा पदवीधर आणि अर्थशास्त्राचा पदवीधर एकाच नकाशावर काम करताना दिसतात. आज याचे कुणाला नवल वाटत नाही. पण नियोजनकार कोणी व्हावे, हा प्रश्न या विषयात चाळीसेक वर्षे भांडून सोडवावा लागला.

सुरुवात 1909 सालची. ब्रिटिश संसदेने त्या वर्षी घरबांधणी आणि नगररचनेचा कायदा केला. शहराच्या कडेला जिथे बांधकाम होऊ घातले आहे, त्या जमिनींच्या योजना आखण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. अधिकार आला, पण योजना आखणारी माणसे कुठे होती? त्याच वर्षी लिव्हरपूल विद्यापीठात नागरी रचनेचा विभाग उघडला. पैसा दिला साबणाचे कारखानदार विल्यम लिव्हर यांनी. वृत्तपत्रांवर केलेल्या बदनामीच्या दाव्यांतून त्यांना मोठी भरपाई मिळाली होती, तिचा काही भाग त्यांनी विद्यापीठाला दिला. कामगारांसाठी पोर्ट सनलाइट ही वसाहत त्यांनी आधीच वसवलेली असल्यामुळे विषयाची ओढ जुनीच होती. पहिले प्राध्यापक स्टॅन्ली ॲडशेड हे वास्तुविशारद होते आणि त्यांच्यानंतर आलेले पॅट्रिक ॲबरक्रॉम्बीही त्याच पेशातले. 1914 मध्ये लंडनमध्ये नियोजनकारांची व्यावसायिक संस्था स्थापन झाली, तिचा कणाही वास्तुविशारद, अभियंते आणि भूमापक यांचाच होता. म्हणजे हा विषय आधी एक पेशा शिकलेल्यांनी वर चढवायचा दुसरा थर म्हणून जन्मला. पदव्युत्तर स्वरूपाचे मूळ इथे आहे.

अमेरिकेत हार्वर्डने 1909 मध्येच नगररचनेचे अध्यापन सुरू केले, तेही उद्यान आणि भूदृश्य रचनेच्या विभागात. तिथे स्वतंत्र शाळा निघायला 1929 साल उजाडले.

या सगळ्यांत वेगळा माणूस म्हणजे पॅट्रिक गेडिस. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. शहराकडे ते इमारतींचा समूह म्हणून पाहत नसत. डोंगरापासून समुद्रापर्यंतचे खोरे, त्यात कोण कुठे कोणता धंदा करते, आणि त्या धंद्यांतून वस्ती कशी घडते, असा त्यांचा क्रम होता. आधी पाहणी, मग निदान आणि त्यानंतर आराखडा, हा त्यांचा आग्रह आजही प्रत्येक नियोजन स्टुडिओचा, म्हणजे प्रत्यक्ष जागेचा आराखडा करायला शिकवणाऱ्या वर्गाचा, पाया आहे. 1914 मध्ये ते भारतात आले, पण त्यांच्या शहरविषयक प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजावर होते ते जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. त्यांनी नव्याने साहित्य जमवले आणि पुढच्याच वर्षी मद्रासला प्रदर्शन भरवले. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले. नियोजनाचे शिक्षण नकाशाच्या टेबलावरून उठवून समाजशास्त्राच्या वर्गात नेणारा हा क्षण मला फार मोलाचा वाटतो. पुढे जे घडायचे होते त्याची बीजे त्यात होती.

‘प्रादेशिक’ हा शब्द विषयाच्या नावात खऱ्या अर्थाने रुजला तो 1929 मध्ये सुरू झालेल्या महामंदीच्या काळात. 1933 मध्ये अमेरिकेने टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी प्राधिकरण स्थापले. धरणे, वीज, पूरनियंत्रण, शेतजमिनीची धूप, हे सगळे सात राज्यांच्या भागांत एकत्र हाताळायचे होते. इमारतींची मांडणी शिकलेल्या माणसाला हे काम एकट्याने पेलणारे नव्हते. युद्धानंतर, 1947 मध्ये, शिकागो विद्यापीठात नियोजनाचे शिक्षण आणि संशोधन यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे सल्लागार राहिलेले अर्थतज्ज्ञ, आणि हार्वे पर्लोफ हेही अर्थशास्त्राचे. या विद्यापीठात वास्तुशास्त्राची शाळाच नव्हती, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची. चित्रांऐवजी अर्थव्यवस्था, लोकसंख्या, प्रशासन आणि निर्णयप्रक्रिया यांच्यावर अभ्यासक्रम उभा राहिला. 1956 मध्ये तो बंद पडला, पण तिथे डॉक्टरेट केलेल्या जॉन फ्रीडमन यांच्यासारख्यांनी ती दृष्टी इतर विद्यापीठांत नेली.

ब्रिटनमध्ये हेच वळण सरकारी समितीमार्फत आले. 1947 च्या कायद्याने देशभर विकास आराखडे बंधनकारक केले आणि नियोजनकारांची मागणी एकदम वाढली. त्यांची पात्रता काय असावी हे ठरवायला जॉर्ज शुस्टर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या 1950 च्या अहवालाने स्पष्ट सांगितले की नियोजन हे मुळात सामाजिक आणि आर्थिक काम आहे. रचनेचे तंत्र त्याला मर्यादा घालते, पण त्याची दिशा ठरवत नाही. भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या पदवीधरांना या पेशाचे दार उघडले ते यामुळे. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतही याच सुमारास संस्था निघाल्या. दिल्लीत 1955 मध्ये नगर व ग्राम नियोजनाची शाळा स्थापन झाली.

पुढचा धक्का बाहेरून आला. अमेरिकेत झोपडपट्टी निर्मूलनाच्या नावाखाली वस्त्या पाडल्या जात होत्या, महामार्ग शहरांच्या पोटातून जात होते, आणि हे आराखडे करणारे नियोजनाचेच पदवीधर होते. 1965 मध्ये पॉल डेव्हिडॉफ या वकील-नियोजनकाराने लिहिले की सार्वजनिक हित एकच असते ही समजूत सोडली पाहिजे, आणि ज्यांचा आवाज ऐकला जात नाही त्यांच्या बाजूने आराखडा मांडणारे नियोजनकार हवेत. अभ्यासक्रमात लोकसहभाग, गृहनिर्माणाचे हक्क आणि नियोजनाचा सिद्धांत यांना त्यानंतर कायमची जागा मिळाली. संगणकीय प्रारूपे, उपग्रहचित्रे आणि भौगोलिक माहिती प्रणालीही आली. तिच्यामुळे पाहणी वेगवान झाली. कोणाची पाहणी करायची हे मात्र अजून माणसालाच ठरवावे लागते.

आज या विषयाची मिश्र रचना सांभाळताना बहुतेक विभागांना तीच जुनी ओढाताण जाणवते. वास्तुविशारदाला सांख्यिकी आणि अर्थशास्त्र शिकवायचे, अर्थशास्त्राच्या पदवीधराला नकाशा वाचायला आणि आराखडा रेखाटायला शिकवायचे, आणि हे सगळे साधारण दोन वर्षांत. वेळ अपुरा पडला की कात्री लागते ती बहुधा प्रादेशिक स्टुडिओला, कारण त्यासाठी लांबचा प्रवास आणि अनेक आठवड्यांचे क्षेत्रकाम लागते. मला ही काटछाट चुकीची वाटते. पूर, पाणीटंचाई, कचरा, रोजगारासाठीचे स्थलांतर यांपैकी काहीच महापालिकेच्या हद्दीपाशी थांबत नाही, आणि ते खोऱ्याच्या पातळीवर समजून घेण्याची सवय विद्यार्थ्याला बहुधा याच एका स्टुडिओत लागते.