पेड जीएमिंग

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम पैसे घेऊन चालवून देणं म्हणजे पेड जीएमिंग. या गेममधे एक जण गेम मास्टर असतो, त्याला शॉर्टमधे जीएम म्हणतात आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेम खेळणारे डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. तो जग उभं करतो, त्यातले राजे, राक्षस, दुकानदार सगळे स्वतःच वठवतो, नियमांवरून वाद झाला की निवाडा करतो आणि बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र घेऊन खेळतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी, १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ग्रुपमधे ज्याला हौस त्याने जीएम व्हायचं, असाच रिवाज होता.

हे बदललं ते मुख्यतः ऑनलाइन खेळामुळे. रोल२० नावाचं व्हर्च्युअल टेबलटॉप २०१२ मधे आलं, नकाशा, फासे, कॅरेक्टर शीट म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, सगळं ब्राउझरमधे. २०१४ मधे डी अँड डीची पाचवी एडिशन आली, २०१५ पासून क्रिटिकल रोल हा डी अँड डीचा खेळ दाखवणारा शो स्ट्रीम व्हायला लागला आणि तो बघून खेळावंसं वाटणारे लोक भरपूर झाले, पण जीएम तेवढेच! त्यात २०२० चा लॉकडाऊन. त्याच साली स्टार्टप्लेइंग ही साइट सुरू झाली, तिथे जीएम आपले गेम लावतात, खेळाडू सीट बुक करतात आणि साइट आपलं कमिशन कापून घेते.

फी बहुतेक वेळा दर खेळाडू दर सेशन अशी असते, सेशन साधारण तीन-चार तासांचं. म्हणजे एक सीट रिकामी राहिली की जीएमची तेवढी कमाई गेली, म्हणून आयत्या वेळी कॅन्सल केलं तरी पैसे कापले जातील असं बरेच जण आधीच सांगून ठेवतात. वरवर बघता तासाचा हिशोब बरा वाटतो, पण नकाशे लावणं, शत्रूंचे आकडे भरणं, मागच्या वेळी कोणाला काय वचन दिलं होतं ते शोधणं, मेसेजना उत्तरं देणं, यात जाणारा वेळ कोणी मोजत नाही. म्हणून हुशार जीएम एकच छापील साहसकथा दोन-तीन वेगवेगळ्या टेबलांवर चालवतो, तयारी एकदाच. तरी बहुतेकांचा हा जोडधंदाच असतो.

आता गोष्टी सांगायचे पैसे कशाला, असं विचारणारे असतातच. खरं सांगायचं तर पैसे गोष्टीचे कमी आणि ठरल्या वेळी गेम होण्याचे जास्त असतात. मित्रांची कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट, राक्षसाच्या हातून मरत नाही, ती "या शनिवारी जमत नाहीये रे" ने मरते. पैसे भरलेला माणूस वेळेवर येतो.

शिवाय टेबलावर सगळे अनोळखी, त्यामुळे माणसं सांभाळणं हे अर्धं काम. खेळाडूंनी एखादा गॉब्लिन (छोटा राक्षस) पकडला आणि त्याला मारायच्या ऐवजी नाव विचारलं, की जीएमला तिथल्या तिथे नाव, आवाज आणि घरची अडचण तयार करावी लागते, आणि हे चालू असताना मगाचपासून गप्प बसलेल्या खेळाडूकडे वळून "तू काय करतोयस?" हेही विचारायचं असतं. पहिल्या खेळाआधी सेशन झीरो होतं, त्यात कोणाला कुठला विषय नको ते ठरतं. जॉन स्टावरोपोलस यांचं एक्स-कार्डही बरेच जण वापरतात, खेळाडूने त्या कार्डाला हात लावला की तो प्रसंग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे गिऱ्हाइकाचं पात्र मरू द्यायचं का. फासा वाईट पडला तर मित्राला हसून सांगता येतं, पैसे भरलेल्याला सांगताना जीभ अडखळते, आणि हळूच वाचवलं तर बाकीच्यांना कळतंच. यावर उपाय दोनच, पात्र मरू शकतं का ते सेशन झीरोलाच बोलून घ्यायचं आणि फासे सगळ्यांसमोर टाकायचे.

कायद्याचं म्हणाल तर फी घेऊन गेम चालवणं आणि नियमांच्या पुस्तकाची पीडीएफ टेबलावर वाटणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी सरळ कॉपीराइटमधे अडकते. जानेवारी २०२३ मधे डी अँड डीचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या लायसन्सवरून मोठा गदारोळ झाला आणि शेवटी गेमच्या कंपनीने मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्समधे, म्हणजे कोणालाही वापरता येईल अशा खुल्या लायसन्सखाली, टाकला, पण तो मुद्दा मुळात स्वतःचं साहित्य छापून विकणाऱ्यांचा होता, टेबल चालवणाऱ्यांचा नाही.