टीपीत गेली की संपादनात?

"आमची जमीन सरकारने घेतली, दुप्पट पैसे कधी मिळणार?" बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरांतून हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे की आता माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: टीपीत, म्हणजे नगररचना योजनेत गेली, की भूसंपादनात? समोरचा गप्प होतो. त्याच्या लेखी दोन्ही एकच, "सरकारात गेली". या एका गफलतीपायी लोक हरकतीची मुदत घालवतात आणि न येणाऱ्या चेकची वर्षानुवर्षं वाट बघतात.

भूसंपादन बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. 2013 चा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला आणि 1894 चा जुना कायदा गेला. कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघते, हरकतींना 60 दिवस मिळतात, मग कलम 19 ची घोषणा आणि त्यानंतर 12 महिन्यांत निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश. बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 चा गुणक आणि वर 100 टक्के दिलासा रक्कम, असा भरपाईचा हिशेब होतो. "दुप्पट", "चौपट" हे शब्द इथूनच आले. पैसे दिल्यावर ताबा. गुजरातने 2016 मध्ये दुरुस्ती करून काही प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट दिली, हेही लक्षात ठेवा.

टीपी स्कीम चालते गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यावर. तिथे जमीन विकत घेतलीच जात नाही. भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करतात, रस्ते, बागा, शाळा आखतात आणि उरलेली जमीन नव्या आकारात मालकांना परत देतात. तुमचा मूळ तुकडा म्हणजे ओपी, परत मिळतो तो एफपी. मधे जी जाते ती कपात. कायद्यातली वाटणी अशी: रस्त्यांसाठी 15 टक्के, बागा-मैदानांसाठी 5, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी 5 आणि योजना राबवणाऱ्या प्राधिकरणाने विकून खर्च भागवावा म्हणून 15. बेरीज 40. भागाप्रमाणे आकडे बदलू शकतात, पण अंदाजाला 10,000 चौरस मीटरचे 6,000 हातात येतात असं धरा. सरकारची स्वतःची जमीन संपादित होत नाही, पण टीपीत तीही ओपी म्हणून उतरते आणि तिलाही एफपी मिळतो.

इथवर लोकांना पटतं. पाय घसरतो तो पुढच्या प्रश्नावर: मालकी नेमकी कधी जाते?

संपादनात उत्तर सोपं आहे. निवाडा झाला, पैसे मिळाले, ताबा घेतला, संपलं. टीपीत मालकी दोन हप्त्यांत जाते. मुसद्दा योजना, म्हणजे ज्याला सगळे ड्राफ्ट म्हणतात, तिला सरकारने मंजुरी दिली की कलम 48-क प्रमाणे रस्ते, गटार, दिवाबत्ती आणि पाण्याच्या सोयींना लागणारी जमीन तिथल्या तिथे प्राधिकरणाची होते. एवढीच. बाग, शाळा, विक्रीचे प्लॉट यांची जमीन अजून तुमच्याच नावावर असते. मग टीपीओ, म्हणजे नगररचना अधिकारी, नेमला जातो, तो मालकांना एकेक करून ऐकतो, हद्दी बदलतो आणि प्रारंभिक योजना तयार करतो. ती अंमलात आली की कलम 67 लागू होतं: लागणारी सगळी जमीन प्राधिकरणाची आणि एफपी तुमचा, पक्का. ड्राफ्ट आणि प्रारंभिक यांच्यामध्ये कितीतरी वर्षं जाऊ शकतात, आणि तेवढा काळ सातबाऱ्यावर जुनाच सर्व्हे नंबर दिसत राहू शकतो.

म्हणून "ड्राफ्ट मंजूर झाली, जमीन गेली" म्हणणारा चुकतो, आणि "ड्राफ्ट मंजूर झाली, एफपी पक्का" सांगून प्लॉट गळ्यात मारणारा दलाल त्याहून मोठी चूक करायला लावतो. या दुसऱ्या वाक्याचा मला मनापासून राग आहे. त्या टप्प्यावर एफपीची जागा आणि आकार दोन्ही बदलू शकतात.

माझ्या मावशीच्या घरी नेमकं हेच झालं. काकांनी वर्तमानपत्रात ड्राफ्टची जाहिरात वाचली, संपादनाची समजून निवाड्याच्या नोटिशीची वाट बघत बसले. ड्राफ्टवर हरकतीला मिळतो फक्त एक महिना. तो सरला. पुढे टीपीओपुढे बोलायची संधी मिळाली म्हणून निभावलं, पण सुरुवातीच्याच नकाशात शेताच्या मधून गेलेला रस्ता तेव्हा हलवता आला नाही.

पैशाचं म्हणाल तर टीपीत 100 टक्के दिलासा नसतो. योजनेचा इरादा जाहीर झाला त्या दिवसाच्या भावाने ओपी आणि एफपीची किंमत मांडतात, आणि सोयींमुळे एफपीचा भाव जेवढा वाढतो त्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम उलट मालकाकडून मागता येते. देणं-घेणं वजा करून उरलेला आकडा कधी तुमच्या बाजूचा, कधी त्यांच्या. "मग हा अन्यायच" म्हणून कोर्टात जाऊन झालं आहे. शांतिलाल मंगलदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये ही मूल्यांकनाची पद्धत वैध ठरवली, तेव्हा कायदा 1955 चा होता. संपादनाच्या कायद्यातली वागणूक टीपीत मागण्याचा प्रयत्न नंतरही टिकला नाही.

आरक्षण ही तिसरी गोष्ट, लोक तीही यातच कालवतात. विकास आराखड्यात जागेवर बागेचा हिरवा रंग आला म्हणजे ती गेली असं होत नाही. 10 वर्षांत कुणी संपादनाला हात लावला नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, पुढच्या 6 महिन्यांतही काही हललं नाही तर आरक्षण सुटतं.

माझा आग्रह एकाच कागदाचा: फॉर्म एफ. ओपी नंबर, एफपी नंबर, दोन्हींचं क्षेत्रफळ, दोन्हींची किंमत आणि मालकाचं देणं-घेणं एका ओळीत त्यावर असतं. नकाशाचा फोटो, दलालाचं तोंडी आश्वासन, शेजाऱ्याचा अनुभव यांतलं काहीही मी त्याच्या जागी धरत नाही. आणि तो हातात आला की आधी बघायचं, वर लिहिलंय काय: मुसद्दा, प्रारंभिक की अंतिम.