अ‍ॅडव्हर्ब पाठ आहे, पण वाक्यात बसत नाही?

नवीन बॅचला आलेल्या सगळ्यांसाठी आणि मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांसाठी पण हा कागद देतोय, फ्रिजवर चिकटवून ठेवा.

अ‍ॅडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, हे शाळेत सगळेच शिकलोय. काम कसं झालं, कधी, कुठे, किती वेळा, किती प्रमाणात ते सांगणारे शब्द. स्लोली, टुमारो, हिअर, ऑफन, व्हेरी, झाले 5 मुख्य प्रकार. एवढं पाठ व्हायला 10 मिनिटं पुरतात, गोची होते ती बोलताना, कारण डोक्यात वाक्य आधी मराठीत तयार झालेलं असतं.

आता बघा, आपण म्हणतो तो चांगला गातो, ती चांगली गाते. आपलं 'चांगला' गाणाऱ्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे ते त्या माणसाचंच विशेषण वाटतं आणि तोंडातून निघतं 'शी सिंग्ज गुड'. गाते कशी ते सांगायचंय ना, मग 'शी सिंग्ज वेल'. 'तिथेच आहे'चं 'देअर ओन्ली' आणि 'हळूहळू'चं 'स्लोली स्लोली' पण असंच होतं, आपल्या आपल्यात चालून जातं हो, बाहेर नाही चालत.

शेवटी 'ली' आलं की अ‍ॅडव्हर्ब, हा शॉर्टकट अर्धाच खरा आहे. फ्रेंडली, लव्हली ही अ‍ॅडजेक्टिव्ह आहेत, फास्टला 'ली' लागतच नाही, आणि हार्डली तर भलतंच, त्याचा अर्थ जेमतेम. मी स्वतः पहिल्या इंटरव्ह्यूत छाती काढून 'आय वर्क हार्डली' सांगून आलोय, समोरचे हसले तेव्हा वाटलं इंप्रेशन पडलं.

जागेचं पण बघा. ऑलवेज, ऑफन, नेव्हर हे मुख्य क्रियापदाच्या आधी येतात पण इज, अ‍ॅम, आर असेल तर नंतर, म्हणजे 'ही ऑलवेज कम्स लेट' पण 'ही इज ऑलवेज लेट'. आणि एकापेक्षा जास्त असतील तर बहुतेक वेळा मराठीच्या बरोब्बर उलटं जायचं. 'काल लग्नात ती मस्त नाचली' याचं इंग्लिश 'शी डान्स्ड ब्युटिफुली अ‍ॅट द वेडिंग यस्टरडे', आधी कसं, मग कुठे, शेवटी कधी.

शनिवारी येताना काल घरात कोणी काय कसं केलं त्याची 3 वाक्यं वहीत लिहून आणा, गाइड न बघता, चुकली तरी चालतील.