दुकानातील मोबाइल-शिष्टाचार

दुकानातील मोबाइल-शिष्टाचार : दुकानात, टपरीवर, सलूनमध्ये किंवा तिकीटखिडकीवर आपले काम चालू असताना गिऱ्हाइकाने फोनवरचे बोलणे थांबवावे आणि समोरच्या माणसाशी बोलावे, हा संकेत. त्याला कायद्याचा आधार नाही. महाराष्ट्रात तो कधी काउंटरवर चिकटवलेल्या पाटीत दिसतो, कधी दुकानदार वजनकाट्याशी हात थांबवून नुसता उभा राहतो त्यात, तर कधी मागच्या रांगेतल्या कुरबुरीत.

हा संकेत आपल्याकडे एवढा जाणवतो, कारण आपली खरेदी बोलून होते. किराणा दुकानात माल आत असतो आणि गिऱ्हाईक काउंटरच्या बाहेर. वस्तू मागावी लागते, आणि नुसते ‘तांदूळ द्या’ म्हणून भागत नाही. कोलम की इंद्रायणी, जुना की नवा, किती, सुटा की पाकीट, एवढे तरी ठरावे लागते. फोन कानाला लावून आलेले गिऱ्हाईक हे सगळे खुणांवर सोपवते. हनुवटीने बरणी दाखवते आणि दोन बोटे वर करते. दोन किलो, दोन पाकिटे की दोनशे ग्रॅम? दुकानदार विचारतो, तर उत्तरादाखल त्याला तळहात दिसतो : थांबा. फोनवरच्या माणसाला ‘एक मिनिट हं’ म्हणता आले असते, पण थांबायला सांगितले जाते ते समोर उभ्या असलेल्याला. दुखते ते इथेच. ज्याला आपण रोज ‘काका’, ‘दादा’, ‘मावशी’ म्हणतो, त्याच्याशी त्या दिवशी एक शब्दही न बोलता सामान उचलून निघून जाणे यात नाते मोडत नसले, तरी उणावते.

फोन आणि दुकान यांचा संबंध मोबाइलच्या आधीचा आहे. घरोघरी फोन नव्हते तेव्हा दुकानातलाच फोन गल्लीच्या उपयोगी पडे. नातेवाइकांना दिलेल्या नंबरापुढे ‘पी.पी.’ (म्हणजे फोन दुसऱ्याचा, आपल्याला बोलवून घ्यावे) असे लिहिलेले असे आणि निरोप आला की दुकानातला पोऱ्या धावत बोलवायला येई. पुढे पैसे देऊन फोन करायच्या एसटीडी-पीसीओ बूथच्या पिवळ्या पाट्या आल्या. समोर मीटरवर बिलाचे आकडे पळत असायचे, मागे माणसे ताटकळत असायची, त्यामुळे बोलणे आपोआप आटोपते घेतले जाई. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला झाला. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. सुरुवातीच्या त्या काळात आलेल्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर तर मिनिटांचा हिशेबच उरला नाही. बोलणे थांबवण्याचे पैशाचे कारण संपले. घरातून निघताना सुरू झालेला कॉल रस्ता ओलांडून, जिना उतरून थेट काउंटरपर्यंत चालू राहू लागला. म्हणून या शिष्टाचाराची गरज खऱ्या अर्थाने गेल्या वीसेक वर्षांतली.

सगळ्या दुकानांत त्याचे वजन सारखे नाही. दुधाची पिशवी उचलून पैसे ठेवणाऱ्याने फोनवर बोलले तरी फारसे बिघडत नाही. औषधाच्या दुकानात मात्र बिघडते. लहान मुलाचे अँटिबायोटिक पुष्कळदा कोरड्या पावडरीच्या रूपात बाटलीत येते. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालायचे, हलवायचे, पातळी खाली गेली की पुन्हा खुणेपर्यंत भरायचे, आणि किती दिवसांत संपवायचे ते लक्षात ठेवायचे. हे सगळे काउंटरवर तोंडी सांगितले जाते. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हेही तसेच. पाकिटावर १-०-१ लिहून मिळते खरे, पण सांगताना ऐकलेले नसेल तर घरी गेल्यावर त्या आकड्यांकडे बघत बसावे लागते. मेडिकलवाला दोनदा सांगतो, गिऱ्हाईक ‘हं, हं’ करते, आणि तो ‘हं’ त्याच्यासाठी होता की फोनवरच्यासाठी, हे त्याला कळत नाही.

पिठाच्या गिरणीत असाच घोटाळा होतो. गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून विचारतो, ‘ताई, बाजरीवर टाकू का गहू?’ बाजरी दळून झाली की जात्यात तिचे पीठ थोडे राहतेच. त्यावर लगेच गहू टाकला तर पहिले पीठ काळसर येते, म्हणून जाणती माणसे गव्हावरच गहू दळून घेतात. फोनवर बोलणारी बाई मान हलवते. ती मान फोनवरच्या बहिणीला असते, पण डबा उचलून गहू ओतला जातो. पोळ्या त्या आठवड्यात काळपट होतात आणि बोल लागतो गिरणीवाल्याला.

सलूनमध्ये तर हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कानाला लावलेल्या फोनखाली कल्ला झाकतो, आणि स्पीकरवर बोलले तरी बोलताना जबडा हलतो. दाढी करणारा कारागीर अशा वेळी वस्तरा गालापासून चार बोटे दूर धरून थांबतो. फेस सुकू लागतो, तो ब्रश पुन्हा फिरवतो, पुन्हा थांबतो. बाकड्यावर तिघे बसलेले असतात आणि त्याची कमाई डोक्यागणिक असते. गिऱ्हाइकाची पाच मिनिटे म्हणजे इथे दुसऱ्याच्या मजुरीची पाच मिनिटे.

मोठ्या दुकानात वस्तू स्वतः उचलायच्या असल्याने बोलणे कमी, तरी बिलिंगच्या टेबलावर दोन-तीन प्रश्न येतातच. त्यांतला ‘पिशवी आणलीय का?’ हा प्रश्न महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर जवळपास कायमचा झाला. मानेत फोन अडकवून पाकीट शोधणाऱ्या माणसामागे रांग वाढत जाते. कॅशिअरला उलटून बोलण्याची मुभा नसते, म्हणून त्याच्या बाबतीत हा संकेत गिऱ्हाइकाने आपण होऊन पाळायचा आहे. ब्रिटनमध्ये जुलै २०१३ मध्ये यावरून मोठी चर्चा झाली. आग्नेय लंडनमधल्या क्रेफर्ड येथील सेन्सबरीज सुपरमार्केटमध्ये एका कॅशिअरने गिऱ्हाईक फोन ठेवत नाही तोवर सामान स्कॅन करायला नकार दिला. कंपनीने गिऱ्हाइकाची माफी मागितली आणि खरेदीचे व्हाउचर दिले. लोकमत मात्र बरेचसे कॅशिअरच्या बाजूने गेले, आणि ते योग्यच होते.

एक गुंता अलीकडचा आहे. ‘फोन खिशात ठेवा’ असे आता सांगता येत नाही, कारण फोन हेच पाकीट झाले आहे. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, आणि पुढच्या काही वर्षांत भाजीच्या हातगाडीवरही क्यूआर कोड लटकू लागला. त्यामुळे संकेत बदलला : फोन हातात चालेल, कानाला नको. पैसे पाठवताना रक्कम मोठ्याने सांगावी, ‘गेले का?’ म्हणून विचारावे आणि काउंटरवरची पेटी रक्कम बोलेपर्यंत थांबावे, ही नवी रीत लोकांनी आपापसांत बसवली आहे. बोलता बोलता स्कॅन करणारा पन्नासाऐवजी पाचशे टाकतो, किंवा पैसे अडकलेले असताना निघून जातो, आणि दुकानदाराला गल्ला सोडून त्याच्या मागे हाका मारत जावे लागते. कानात बसणाऱ्या छोट्या इअरबडनी आणखी एक अडचण आणली. समोरचा माणूस कोणाशी बोलतोय हेच ओळखू येत नाही. ‘किती देऊ?’ला ‘अरे, उद्या बघू’ असे उत्तर आले की विक्रेता गोंधळतो. इअरबड कानातून काढून हातात घेणे ही आता चप्पल बाहेर काढण्यासारखी खूण मानायला हरकत नाही.

कॉल खरेदीसाठीच असेल तर त्याला कोणी नावे ठेवत नाही. लक्ष्मी रोडवर किंवा दादरला साडीच्या दुकानात गादीवर बसलेला विक्रेता पदर हातभर पसरून फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरतो आणि पलीकडे परदेशात बसलेल्या मुलीला सांगतो, ‘ताई, उजेडात रंग थोडा फिका दिसेल हं.’ इथे फोनवरचा माणूसही गिऱ्हाईकच असतो. मात्र डिझाइनचे फोटो काढायला पुष्कळ दुकानांत मनाई असते, म्हणून आधी विचारण्याची पद्धत आहे. आजोबांना औषधाचे नाव वाचता येत नाही आणि नातू फोनवरून सांगतो आहे, दवाखान्यातून कॉल आला आहे, किंवा पार्सल घ्यायला आलेल्या डिलिव्हरीवाल्याला ऑर्डरचा नंबर फोनवरच बघावा लागतो, या वेळी संकेत सैल होतो. अडचणीचा कॉल असेल तर रांगेतून बाजूला होऊन मागच्याला ‘तुम्ही घ्या आधी’ म्हणावे, एवढीच अपेक्षा असते.

काउंटरच्या आतल्या माणसालाही हाच नियम लागतो, आणि तो मोडला जातो तेव्हा गिऱ्हाइकाला बोलायची सोय नसते, कारण उधारीची वही आत असते. सामान काढता काढता घाऊक व्यापाऱ्याशी भावावरून हुज्जत घालणारा दुकानदार हे जुने दृश्य आहे. त्यातले जाणते एका हाताने माउथपीस झाकून ‘बोला काकू’ म्हणतात आणि यादी हातात घेतात.