चार डोकी एकत्र बसली की जास्त सुचतं?

‘टीमला एकत्र बसवा, मोकळं बोलू द्या, एकट्यापेक्षा कितीतरी जास्त कल्पना निघतील’ हा सल्ला वर्षानुवर्षे फॉरवर्ड होतो. हेतू चांगला आहे, पण कल्पनांच्या संख्येबाबत तो खरा ठरत नाही.

1958 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही चौघं एकत्र बोलले, काही चौघांनी वेगवेगळं बसून विचार केला. सारख्या कल्पना एकदाच मोजूनही वेगळे बसलेल्यांची यादी जवळपास दुप्पट भरली. एका वेळी एकच जण बोलतो. पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं सुचलेलं निसटतं. शिवाय वरिष्ठांसमोर चुकायची भीती. सांगलीत हळदीच्या अडतीवर मालक आधी बोलले, की पोत्यांच्या थप्पीबद्दल हमालाला ठाऊक असलेलं तोंडातच राहतं. मला हेच जास्त खुपतं.

पडताळा बचत गटातही घेता येतो. प्रश्न एकच, वेळ 10 मिनिटं. चौघी मिळून बोलतील, चौघी वेगळ्या बसून लिहितील. दुबार कल्पना काढून मोजा. गट बदलून दोन-तीनदा करा.

एकत्र बसणं वाया नाही. निवड आणि दुरुस्ती गटात करता येते. फक्त आधी चिठ्ठ्या घ्या, नावाशिवाय वाचा आणि प्रमुखानं सगळ्यांत शेवटी बोलावं.