समुद्रातली विहीर आणि तिच्यातला चिखल

लग्नातल्या आहेराच्या पाकिटात पाचशेचे पाचशे एक करण्यासाठी आपण जी एक रुपयाची कोरी नोट घालतो, तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा छापलेला असतो. ती 'सागर सम्राट' नावाची, समुद्रात तेलविहिरी खोदणारी रिग आहे. जपानमध्ये बांधून आणलेल्या या रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखालच्या चुनखडकात तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झाले. कागदोपत्री त्या क्षेत्राचे नाव आता 'मुंबई हाय' आहे. तिथे काम करणारे अजूनही 'बॉम्बे हाय'च म्हणतात. गेल्या महिन्यात एका लग्नात अशीच नोट हातात धरून माझ्या भाच्याने विचारले, "मामा, तुम्ही इतकी वर्षे रिगवर होतात, तर तेलाचे कारंजे केवढे उंच उडताना पाहिलेत?" एकदाही पाहिले नाही, असे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. मी रिगवर मड केमिस्ट, म्हणजे विहिरीत भरायच्या चिखलाचा रसायनतज्ज्ञ, होतो, आणि मड केमिस्टला पगार मिळतो तो असे कारंजे उडू नये म्हणूनच.

कारंज्याचे ते चित्र १९०१ मधले आहे. टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप येथे त्या वर्षी तेलाचा जो फवारा उडाला तो आवरायला नऊ दिवस लागले, आणि काळ्या तेलात न्हालेल्या माणसांचा आनंद लोकांच्या मनात कायमचा ठसला. आज अशा घटनेला 'ब्लोआउट' म्हणतात आणि तिची चौकशी होते. आंध्र प्रदेशातल्या पासर्लापुडी येथे जानेवारी १९९५ मध्ये एका विहिरीत ब्लोआउट झाला, तेव्हा ती आग विझवायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला होता. ते तर जमिनीवर, जिथून धावत सुटता येते. रिगवरून धावणार कुठे?

त्यामुळे रिगवरचे आयुष्य सुरू होते तेच मुळी सुटका कशी करून घ्यायची ते शिकण्यापासून. गोव्यात बेतुल येथे यासाठी प्रशिक्षण संस्था आहे. हेलिकॉप्टरच्या आकाराच्या पिंजऱ्यात पट्टे बांधून बसवतात, पिंजरा तलावात बुडवतात आणि पाण्याखाली उलटा करतात. उलटा करण्यामागे शास्त्र आहे: हेलिकॉप्टरचे इंजिन आणि पंखे वरच्या बाजूला असल्याने गुरुत्वमध्यही वर असतो, आणि पाण्यात पडलेले हेलिकॉप्टर बहुधा पालथे होते. त्या अवस्थेत डावे-उजवे कळत नाही, म्हणून एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट ठेवायचा, फिरणे पूर्ण थांबेपर्यंत श्वास रोखून बसून राहायचे आणि मगच पट्टा सोडायचा. घाईने आधी पट्टा सोडणारा माणूस पिंजऱ्यातच गटांगळ्या खातो. मी पहिल्या वेळी तेच केले होते.

मग जुहूला सामानासह स्वतःचेही वजन करून घ्यायचे, लाइफ जॅकेट चढवायचे आणि समुद्राकडे निघायचे. चौदा दिवस काम, चौदा दिवस घर. कामाच्या दिवसांत बारा तासांची पाळी. तिथे रविवार नसतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून वार लक्षात राहत नाही. जेवण चांगले असते, खोली लहान असते, आणि विहिरीत चिखल फिरवणाऱ्या मड पंपांची धडधड खाटेच्या लोखंडातून पाठीत शिरते. दोन दिवसांत तिची इतकी सवय होते की पंप चालू असताना माणूस गाढ झोपतो आणि पंप थांबले की दचकून जागा होतो. असे का, ते पुढे सांगतो.

पावसाळ्यात एकटेपणाला वेगळी धार येते. २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटे कापली. हेलिकॉप्टर उडणे शक्य नव्हते, म्हणून त्याला क्रेनने मुंबई हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर चढवण्यासाठी जहाज जवळ आणले गेले. ते लाटांबरोबर प्लॅटफॉर्मच्या वायूवाहक नळीवर आदळले आणि आग लागली. दोन तासांच्या आसपास सारा प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ माणसे गेली. स्वयंपाकघरातल्या एका सुरीपासून तिथवरचे अंतर किती कमी असते, हे किनाऱ्यावर बसून लक्षात येत नाही.

आता चिखलाकडे येऊ. जमिनीखाली तेलाचे तळे असते, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. नवी वीट बादलीत टाकली की ती बुडबुडे सोडत पाणी पिते. तेलाचा खडक अशाच सच्छिद्र विटेसारखा असतो, फक्त त्याच्या छिद्रांत तेल, वायू आणि खारे पाणी दाबाखाली भरलेले असते. हा दाब बहुतेक ठिकाणी त्या खोलीइतक्या उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाएवढा असतो. पण जिथे वरच्या चिकणमातीच्या थरांतून पाण्याला निसटायला वाव मिळाला नाही, तिथे तो बराच जास्त असतो. दर १० मीटर पाण्यामागे साधारण एक वातावरण दाब, हे शाळेतले गणित इथे पुरेसे आहे. ३,००० मीटर खोलीवर पाण्याचा स्तंभ ३०० वातावरणांइतका दाब देतो. खडकातला दाब ३४० असेल, तर विहिरीत नुसते पाणी असून चालणार नाही. खडकातला वायू आत शिरेल. म्हणून पाण्यापेक्षा जड द्रव लागतो. घनता १.१८ केली की तळाशी ३५४ वातावरणे दाब मिळतो आणि वायू खडकातच राहतो. हा जड द्रव म्हणजे मड, म्हणजे निगुतीने केलेला चिखल. एवढ्या अजस्र यंत्रसामग्रीत विहिरीला दाबून धरणारी पहिली वस्तू हीच, आणि ती पातळ असते.

तिचे घटक साधे असतात. बेंटोनाइट नावाची माती, जी आपल्याकडे कच्छमधून येते. बराइट हे खनिज, ज्याचा प्रचंड साठा आंध्र प्रदेशातल्या मंगमपेट येथे आहे आणि ज्याची घनता पाण्याच्या चौपटीहून अधिक असते. आणि अलीकडे वेगवेगळी पॉलिमरे. बराइट वजन देते. बेंटोनाइट जे करते ते मात्र मला अजूनही नवलाचे वाटते. या मातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म चकत्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, तर कडांवर धन प्रभार असू शकतो. त्यामुळे द्रव स्थिर झाला की एकीची कड दुसरीच्या पृष्ठाला चिकटते आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखी जाळी उभी राहते. ढवळले की बंगला कोसळतो आणि द्रव पुन्हा वाहू लागतो. पंप चालू असताना मड सहज वाहायला हवे, आणि पंप थांबल्यावर खडकाचा चुरा खाली बसू न देता त्याने जागच्या जागी घट्ट व्हायला हवे. या दोन्ही परस्परविरुद्ध गोष्टी तो पत्त्यांचा बंगला करून दाखवतो. दर अर्ध्या तासाने आम्ही एका नरसाळ्यातून मड सोडून घड्याळ लावत असू. ठरावीक ९४६ मिलिलिटर पाणी त्यातून २६ सेकंदांत उतरते. मडला चाळीस-पन्नास सेकंद लागले की मनाजोगते जमले असे समजायचे.

मग नुसते जडच करावे की! नाही. फार जड मडच्या दाबाने खडक तडकतो, मड त्या भेगांत पळून जाते, विहिरीतली पातळी उतरते, स्तंभ आखूड झाल्याने तळाचा दाब कमी होतो आणि ज्या वायूला अडवायचे त्यालाच वाट मिळते. चुनखडकात तर निसर्गतःच पोकळ्या असतात आणि तिथे मड गिळले जाणे नित्याचे असते. मग अभ्रकाच्या चकत्या किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मिसळून ती भोके बुजवावी लागतात. खडकातल्या द्रवाचा दाब आणि खडक फुटण्याचा दाब यांच्यामधल्या अरुंद पट्टीत सतत राहायचे असते.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि पंप थांबल्यावर जाग का येते त्याचे उत्तर तिच्यात आहे. मड पोकळ पाइपांतून खाली जाते, टोकाशी खडक फोडणाऱ्या बिटच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि पाइप व विहिरीची भिंत यांच्यामधल्या जागेतून वर येते. वर येताना ते भिंतींना घासते आणि या घर्षणाचा दाब तळावर स्तंभाच्या दाबाशिवाय अधिकचा पडतो. पंप थांबला की तो अधिकचा दाब त्याच क्षणी नाहीसा होतो. म्हणजे फिरते मड स्थिर मडपेक्षा 'जड' असते. पंप चालू असताना विहीर शांत आहे, यावरून ती पंप थांबल्यावरही शांत राहील असे म्हणता येत नाही. त्यात भर म्हणजे पंप थांबल्यावर पाइप वर ओढताना बिट सिरिंजमधल्या दट्ट्याप्रमाणे काम करते आणि आपल्याखालचा दाब आणखी उतरवते.

म्हणूनच पाइप बाहेर काढतानाचे दोन-चार तास मला प्रत्यक्ष खोदकामापेक्षा नेहमी अधिक जोखमीचे वाटत. तीन पाइपांचा एक स्टँड, सुमारे २७ मीटर लांब. पाच इंची पाइपाचा असा स्टँड काढला की विहिरीतून साधारण शंभर लिटर पोलादाची जागा रिकामी होते आणि तेवढे मड वरून भरावे लागते. एका रात्री, ट्रिप टँकच्या, म्हणजे हे मड मोजून भरण्याच्या टाकीच्या, पट्टीवर बॅटरीचा झोत धरून मी हिशेब मांडत होतो. पाच स्टँड निघाले, विहिरीने पाचशे लिटर प्यायला हवे होते. तिने जेमतेम तीनशे घेतले. गणित एवढेच सांगते की उरलेली दोनशे लिटरची जागा दुसऱ्या कोणीतरी घेतली आहे. ड्रिलरने तो आकडा पाहिला, एक शब्द न बोलता पाइप ओढणे थांबवले, बिट पुन्हा तळाशी नेले आणि मड फिरवून आत आलेला वायू हळूहळू बाहेर काढला. जेवणघरात सकाळी त्याविषयी कोणी बोलले नाही.

दोनशे लिटरची एवढी धास्ती कशासाठी? शाळेतला बॉइलचा नियम आठवावा: दाब निम्मा झाला की वायूचे आकारमान दुप्पट होते. ३,००० मीटरवर शिरलेला एक घनमीटर वायू १,५०० मीटरवर येतो तेव्हा दोन घनमीटर होतो, ७५० मीटरवर चार, शंभर मीटरवर तीसच्या आसपास आणि पृष्ठभागावर तीनशे. (तापमान आणि वायूचे आदर्शत्वापासून ढळणे मी सोडून दिले आहे, जाणकारांनी क्षमा करावी.) निम्मा प्रवास होईपर्यंत वरच्या टाकीत जवळजवळ काहीच कळत नाही, आणि जे घडायचे ते शेवटच्या थोड्या अंतरात घडते. फुगत वर येणारा वायू आपल्या डोक्यावरचे मड बाहेर ढकलतो, स्तंभ आखूड होतो, तळाचा दाब घटतो आणि आणखी वायू आत येतो. त्या वेळी विहिरीच्या तोंडावरच्या ब्लोआउट प्रिव्हेंटरची पोलादी दारे मिटावी लागतात. वीज गेली तरी साठवलेल्या दाबावर ती मिटतात. पण ती दुसरी फळी आहे. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या रिगवर विहिरीतले जड मड काढून त्या जागी हलके समुद्राचे पाणी भरले जात होते. विहिरीच्या तळाशी भरलेल्या सिमेंटने वायू अडवलेला नाही, हे दाबाची चाचणी सांगत असताना तिचा अर्थ चुकीचा लावला गेला. त्या रात्री ११ माणसे गेली आणि दुसरी फळीही टिकली नाही.

नवी विहीर सुरू करताना रिगवर नारळ फुटतो. माझी त्याला हरकत नव्हती. खोबरे मीही खाल्ले आहे. पण एका विहिरीवर अडचणींवर अडचणी येऊ लागल्या तेव्हा डेरिकला, म्हणजे विहिरीवरच्या मनोऱ्याला, लिंबू-मिरची बांधली गेली आणि त्याच आठवड्यात ट्रिप शीटचे, म्हणजे पाइप काढतानाच्या मडच्या हिशेबाच्या कागदाचे, दोन रकाने कोरे राहिले, ते पाहून मी चांगलाच वैतागलो होतो. गावाकडचा पाणाड्या जसा हातावर नारळ ठेवून पाणी दाखवतो, तसे तेल दाखवणारेही भेटतात. मुंबई हायची रचना मात्र १९६० च्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने समुद्रात कंपनलहरी सोडून, त्यांचे प्रतिध्वनी मोजून सापडली. समुद्रात तेल मिळाल्याची बातमी आली की पेट्रोल अमुक रुपयांनी उतरणार असे जे संदेश मोबाइलवर फिरतात, तेही याच माळेतले. खडकात तेल असणे, ते निघण्याजोगे असणे आणि ते परवडणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

भाच्याला मी शेवटी फ्लो चेक समजावला. शंका आली की ड्रिलर पंप थांबवतो आणि विहिरीतून मड जिथून बाहेर येते त्या नळीच्या तोंडाशी एकाला उभे करतो. खाली पंपमन, वर ड्रिलर, मध्ये हातात बॅटरी घेतलेला मी. पंप थांबल्यावरही नळीतून थोडे मड येतच राहते, कारण मागचे ओसरायला वेळ लागतो. धार बारीक होते, तुटते, पुन्हा एकदा लागते. दहा-पंधरा मिनिटे सगळे तिच्याकडे पाहत राहतात. पाऊस असला तर नळीच्या तोंडावर छत्रीसारखा हात धरावा लागतो, नाहीतर पावसाचे पाणी की विहिरीचे मड ते ओळखू येत नाही. मग शेवटचा थेंब पडतो, नळीचे तोंड कोरडे दिसू लागते, आणि मी वर पाहून हात आडवा हलवतो.

"एवढेच?" भाचा म्हणाला.